कच्चे देव

गल्लीतले लोक कुंभाराच्या म्हाताऱ्या बापाला घड्याळ म्हणायचे. पहाटे साडेपाचला कुंभाराच्या घरातली घंटा वाजली की समोरची शिंपीण अंथरूण गुंडाळायची आणि कोपऱ्यावरचा चहावाला स्टोव्हला पंप मारायला लागायचा. चाळीस वर्षं म्हाताऱ्याची पूजा चुकली नव्हती. बायको गेली तेव्हाचे सुतकाचे दिवस तेवढे सोडायचे. त्या दिवसांत आपला स्टोव्ह रोज उशिरा पेटला, असं चहावाला अजून सांगतो.

उन्हाळा लागता लागता एक दिवस ती घंटा आठला पुन्हा वाजली. मग अकराला. मग दुपारी तीनला. शिंपिणीने दारातूनच विचारलं, आज काय विशेष? सून म्हणाली, विशेष कुठलं, बाबा विसरले असतील. "मग तुमचं घड्याळ बिघडलं म्हणायचं," शिंपीण म्हणाली आणि दोघी हसल्या. पुढे ते हसणं आठवून सून स्वतःला बरंच काही बोलली.

म्हातारा विसरतो हे घरात नवीन नव्हतं. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधणं, हात धुऊन उठल्यावर आज जेवायला नाही का विचारणं, हे वर्षभर चाललं होतं. मुलाला तो कधी आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा आणि मुलगाही ओ द्यायचा. पण पूजेचं वेगळं होतं. पूजा आटोपून म्हातारा ओट्यावर येऊन बसला की अर्ध्या-पाऊण तासात त्याची चुळबुळ सुरू व्हायची. कपाळाला बोट लावून बघायचा, तोवर गंध घामाने गेलेलं असायचं. मग गुडघ्यावर हात रेटत उठायचा. "देव अजून पारोसे आहेत," म्हणायचा आणि टॉवेल घेऊन न्हाणीत जायचा.

आधी आपली आंघोळ, मग देवांची. आंघोळीशिवाय देवाला हात नाही, हा नियम तो कधी विसरला नाही. एक बादली त्याला, एक तांब्या देवांना, वर पूजेची भांडी विसळायला आणि देवघरापुढची जमीन पुसायला वेगळं पाणी. दिवसातून एकदा हे कुणालाच जड नव्हतं. आता चारदा व्हायला लागलं होतं, आणि पाणी यायचं चौथ्या दिवशी.

त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता आणि नळ तर कधीच कोरडे पडले होते. टँकर यायचा. घरटी दोन पिंपं, त्यावर एक घागर जास्त मागितली तर टँकरवाला पाइप उचलून पुढच्या दाराला जायचा. कुंभाराच्या घरी एक पिंप पोटाला आणि एक मातीला, अशी वाटणी होती. दुष्काळात माठाला मागणी असते. लोकांना पाणी साठवायचं असतं, गार ठेवायचं असतं. व्यापारी स्वतः येऊन पाचशे माठ सांगून गेला होता, महिनाअखेर गाडी आणतो म्हणाला होता. पाचशे भरले तर वर्षाच्या दाण्यांची सोय होणार होती. नाही भरले तर पलीकडच्या कारखान्यातला साच्याचा माल तो उचलणार होता, आणि एकदा तिकडे गेलेला व्यापारी परत येत नाही. माठांना गिऱ्हाईक दारात उभं आणि माठ करायला पाणी नाही, असा तो उन्हाळा होता.

दिवस उजाडायच्या आत कुंभार माती तुडवायला उतरायचा. चाळलेली माती आदल्या दिवशी भिजवून ठेवलेली असायची. तो टाचांनी ती रगडत कडेपासून मधोमध जायचा, पुन्हा कडेला यायचा. पोटऱ्या भरून यायच्या. सून खडे वेचायची, राख मिसळायची, तुडवलेल्या मातीचे गोळे करून चाकाजवळ नेऊन ठेवायची. दुपारी कुंभार चाकावर बसला की ती आदल्या दिवशीचे माठ मांडीवर घ्यायची, आत गोल दगड धरायची आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकून त्यांचं पोट वाढवायची. तिचं लग्न झालं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच. ती पहिल्याच आठवड्यात आली, शेण आणि भुसा गोळा करायला. आपल्या हाताला मातीही कळते हे मात्र तिला म्हाताऱ्याने सांगितलं होतं. नवी नवरी असताना तिने कंटाळून एक चिमणी केली होती. म्हाताऱ्याने ती तळहातावर घेऊन चोचीपासून शेपटीपर्यंत पाहिली. "तुझ्या बोटांत आहे," म्हणाला, आणि तिला रोज एक गोळा वेगळा काढून द्यायला लागला. माहेरीसुद्धा तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

टँकर येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मातीला पाणी आणायला गेली तर पिंपात चार बोटं पाणी होतं. न्हाणीची जमीन ओली होती. आतून घंटा ऐकू येत होती, सकाळपासूनची तिसरी. कुंभार मातीच्या खड्ड्यातून तसाच चिखलाच्या पायांनी आत गेला. म्हातारा ओला टॉवेल गुंडाळून पाटावर बसला होता, हातात तांब्या होता. मुलाने तो तांब्या ओढून घेतला.

"सकाळपासून तिसऱ्यांदा चाललंय हे, बाबा. माती वाळून चाललीय तिकडे."

म्हातारा हात तसाच पुढे धरून बसला. अंगावरून पाणी निथळत होतं आणि एवढ्या उकाड्यात त्याला थंडी वाजत होती. "अर्धीच झालीय," तो म्हणाला. "बाळकृष्णाची राहिलीय."

कुंभाराने तांब्या खाली ठेवला आणि बाहेर आला. त्या दिवशी त्याच्या हातून सहा माठ चाकावरच बसले. बसलेल्या माठाची माती उचलून तो पुन्हा पुन्हा गोळ्यात मिसळत राहिला. बापाच्या हातातून तांब्या ओढायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. सून सांगायची, बाबा, पूजा झाली, फुलं बघा ताजी आहेत. तो फुलं बघायचा, मग तिच्याकडे बघायचा. "मी केली नाही तर झाली कशी?" असं शांतपणे विचारायचा. मग कुंभाराने दोन्ही पिंपांना झाकणं बसवून कुलपं लावली. किल्ली सुनेच्या कमरेला आली. सकाळची एक बादली आणि एक तांब्या ती काढून द्यायची, पुढे दिवसभर बंद.

तीन दिवस बरे गेले असं वाटलं. चौथ्या दिवशी शिंपीण आली. तिला भांडायचं नव्हतं, म्हणून ती आधी उन्हाबद्दल बोलली, मग शिलाईच्या सुईबद्दल, आणि शेवटी म्हणाली की तुमचे बाबा तांब्या घेऊन येतात. पहिल्या दिवशी दिलं, देवाच्या नावाचं पाणी कोण नाही म्हणेल? पण काल तीनदा आले. चहावाल्याकडेही जातात, पलीकडच्या लोहाराकडेही जातात. "आमच्याकडे तरी काय झरा लागलाय, तूच सांग," ती म्हणाली. सुनेने मान खाली घातली. सासरा घरोघर पाणी मागत फिरतो आणि आपल्या कमरेला किल्ली खुळखुळते, हे तिला फार लागलं. शिंपीण गेल्यावर तिने किल्ली कमरेची काढून पदराच्या गाठीत बांधली, म्हणजे निदान आवाज तरी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने म्हाताऱ्याची पूजा पहिल्यांदा पूर्ण बसून पाहिली. एरवी तिला वेळ कुठे असायचा? देव चारच, चारही पितळेचे, बोटभर उंचीचे. गणपती, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक पिंड. म्हाताऱ्याने एकेकाला तामणात घेतलं, वरून पाण्याची बारीक धार धरली, अंगठ्याने चेहरा चोळला, पाठ चोळली, धुवट फडक्याने टिपलं आणि जागेवर ठेवलं. गंध, अक्षता, फूल, दिवा, घंटा. कुठे अडखळणं नाही, कुठे मागेपुढे नाही. ज्याला मुलाचं नाव आठवत नव्हतं त्याची बोटं इथे एकदाही चुकली नाहीत. एवढा अर्धा तास तो जुना म्हातारा असायचा. आपण त्याच्यापासून काय काढून घ्यायला निघालोय हे सुनेला तेव्हा दिसलं, आणि तरी बाहेर अडीचशे माठ व्हायचे होते आणि महिन्याचे चौदा दिवस उरले होते.

देवच दिसले नाहीत तर पाणी लागणार नाही, असं तिनेच सुचवलं. कुंभार आधी नको म्हणाला, मग गप्प बसला, म्हणजे हो म्हणाला. म्हातारा ओट्यावर असताना तिने चारही देव स्वच्छ कापडात गुंडाळले आणि तांदळाच्या डब्यात ठेवले. तांदळात ठेवले तर अपमान होत नाही, असं तिने आपलं आपणच ठरवलं.

म्हाताऱ्याने देव शोधले. देवघर, कोनाडे, अंथरुणं, सरपण. कच्च्या माठांच्या रांगेत जाऊन तो एकेका माठात वाकून बघत होता. मुलाला त्याला हाताला धरून तिथून बाहेर काढावं लागलं, कारण धक्क्याने दोन माठ चिरले होते. संध्याकाळी ताट वाढलं तर तो म्हणाला, देवाला दाखवल्याशिवाय कसं खाऊ? दुसऱ्या दिवशीही तेच. सुनेने भाकरी दुधात कुस्करून समोर धरली, रागावली, विनवलं. तो तोंड मिटून भिंतीकडे बघत होता. त्याचे गाल दोन दिवसांत आत गेले होते. आधी पोटोबा म्हणणाऱ्यांतला तो नव्हताच.

खरे देव परत ठेवायचे तर पुन्हा तांब्या आणि पुन्हा शेजाऱ्यांची दारं. तिने दुसराच विचार केला. दुपारी थाप्या मारून झाल्यावर तिने तांदळाच्या डब्यातून देव काढले, समोर मांडले आणि चाळलेल्या मातीचा एक गोळा घेतला. इतक्या वर्षांत तिने त्या देवांचे चेहरे कधी नीट पाहिले नव्हते. पाहिले तर चेहरेच नव्हते. चाळीस वर्षांच्या चोळण्याने बाळकृष्णाचं नाक सपाट झालं होतं, अन्नपूर्णेचे डोळे पुसून गेले होते, गणपतीची सोंड पोटाला मिळाली होती. तिने ती झीज तशीच उतरवली. नाक करून पुन्हा अंगठ्याने पुसलं. पिवळ्या मातीचा हात दिला आणि सुकत आल्यावर काचेच्या मण्याने घोटून चकाकी आणली. काम इतकं जमलं होतं की तिला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

कुंभाराने ते देव हातात घेऊन पाहिले. "भाजून ठेव," एवढंच म्हणाला.

ती म्हणाली, चार बोटभर देवांसाठी कुणी भट्टी लावतं का? माठ पूर्ण झाले की त्यांच्याबरोबर भाजू, आठ दिवसांचा प्रश्न आहे. तोवर देव दिले नाहीत तर बाबा उपाशी राहतील. तो म्हणाला, कच्चं आहे ते. ती थकलेली होती, तोडूनच बोलली, "पाणी आहेच कुठे घालायला?"

कच्च्याजवळ पाणी न्यायचं नाही, हे कुंभाराच्या घरात मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघंही कामाला लागले.

म्हाताऱ्याला तिने सांगितलं की देव लेप लावायला दिले होते, आता आलेत, पण लेप आठ दिवस ओला राहतो, पाणी बिलकूल लावायचं नाही, नुसतं फूल आणि दिवा. त्याने पिवळा बाळकृष्ण उचलला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, नजर अंधूक होती, पण बोटं अजून शहाणी होती.

"हलके लागतात गं," तो म्हणाला.

"दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत, बाबा. देवही वाळले तुमच्याबरोबर."

म्हातारा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि अर्धी भाकरी जेवला. तिने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आपली युक्ती लागू पडली याचं समाधान होतं, आणि या माणसाला आपण किती सहज फसवलं याचं वाईटही वाटत होतं.

पुढचे सहा दिवस कामाचे गेले. सकाळी त्याची आंघोळ झाली की ती आठवण करून द्यायची, बाबा, लेप ओला आहे, तोवर ही एवढी आंघोळ दिवसभर पुरते. तो मान डोलवायचा. दिवसातून चार काय पाच वेळा पूजा व्हायची, फूल जुनं काढून तेच पुन्हा वाहिलं जायचं, घंटा वाजायची, आणि कुणाचं काही जात नव्हतं. दरवेळी ती हातातली थापी ठेवून दारापर्यंत जायची, लेपाची आठवण करायची आणि परत यायची. अंगणात माठांच्या रांगा वाढत होत्या. कुंभाराचा हात आता चालला होता. चाकावरून दोऱ्याने कापून उचललेला माठ खाली ठेवायच्या आत त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट नव्या गोळ्यात जायचं. रात्री जेवताना तो एकदा म्हणाला, होईल वाटतं. या घरात एवढं बोलणं म्हणजे खूप होतं.

दुपारी म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी असायची. सून गोळी आणि फुलपात्रभर पाणी त्याच्याजवळ ठेवून जायची. संध्याकाळी फुलपात्र रिकामं दिसायचं. तो फक्त घोटभर पाणी पीत होता आणि उरलेलं कोनाड्याच्या कोपऱ्यातल्या गडूत ओतून ठेवत होता, हे तिला नंतर कळलं. त्या उन्हात, त्या वयात, तहान मारून त्याने ते पाणी साठवलं होतं. गोळी घेतली की नाही हे विसरणारा माणूस तो गडू कुठे ठेवलाय हे मात्र विसरला नाही.

सातव्या दिवशी दुपारी ती चारशे साठाव्या माठावर थापी मारत होती. आतून घंटा वाजेल म्हणून कान तिकडे होता. घंटा वाजली नाही. तिने आणखी दोन माठ केले. मग थापी ठेवली आणि आत गेली.

म्हातारा पाटावर बसला होता. पाय, हात, डोळे यांना त्याने पाणी लावलं होतं, तेवढी त्याची आंघोळ. शेजारी रिकामा गडू होता. तामणात पिवळसर चिखल होता. त्या चिखलात एक बारीक हात अजून ओळखू येत होता, रांगत्या बाळकृष्णाचा, आणि ती बघत असतानाच तोही फुगून सुटा झाला. अन्नपूर्णा म्हाताऱ्याच्या मुठीत होती. त्याने मूठ उघडली तर बोटांमधून गाळ ओघळला.

तो ओरडला नाही, रडला नाही. त्याने चिमूटभर गाळ अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, नाकाशी नेला, जिभेला लावला. माती घ्यायला जायचा तेव्हा खाणीवर तो असंच करायचा.

"कच्चे होते," तो म्हणाला.

सून दारातच बसली.

"चाळीस वर्षं धुतले मी. कच्चेच होते गं." मग तामणाकडे बघून म्हणाला, "काम चांगल्या हाताचं होतं. ज्याने केले त्याने भाजले नाहीत. घाई केली त्याने."

तिने सगळं सांगितलं. हे देव मी केले, बाबा, हे तुमचे नाहीत, तुमचे तांदळात आहेत. धावत जाऊन डबा उपडा केला. तांदूळ जमिनीवर पसरले. कापड सोडून पितळेचे चारही देव तिने त्याच्यासमोर पाटावर ठेवले, हाताने चाचपून बघा म्हणाली, नाक बघा, सोंड बघा. त्याने चिखलाचा हात धोतराला पुसला आणि एकेक देव उचलून तळहातावर तोलला.

"हे पितळेचे आहेत. कुणाच्या घरचे आणलेस? परत देऊन ये. तिथली पूजा खोळंबली असेल."

संध्याकाळी कुंभार बापापुढे बसला. त्यानेही सांगून पाहिलं, हात जोडले, पिंपाचं कुलूप काढून भरलेला तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाला, घाला आंघोळ, हवं तितक्या वेळा घाला. म्हाताऱ्याने तांब्या दूर सारला. सुनेला एक आशा होती. तो सगळंच विसरतो, सकाळी हेही विसरलेलं असेल. पहाटे उठेल, देव जागेवर दिसतील, म्हणेल पारोसे आहेत. साडेपाच वाजायच्या आधीच ती बादली भरून बसून राहिली.

तो साडेपाचला उठला. आंघोळ केली. देवघरापुढे येऊन उभा राहिला आणि पितळेच्या देवांकडे पाहुण्यासारखा बघून बाजूला झाला. "आपले विरघळले," म्हणाला. अर्ध्या तासापूर्वीचंही न आठवणारा माणूस, आणि एवढी एकच गोष्ट त्याने धरून ठेवली. सकाळी जेवल्याचं विसरायचा, मुलाला विसरायचा, हे विसरला नाही. चहावाल्याचा स्टोव्ह त्या दिवशी उशिरा पेटला. तिसऱ्या दिवशी शिंपिणीने विचारलं, घंटा का नाही हल्ली? सून थापी उचलून माठांकडे वळली.

माठ पाचशे भरले. भुसा, गोवऱ्या आणि लाकडाखाली ते दीड दिवस भाजले, फुटले ते थोडेच. व्यापारी गाडी घेऊन आला, एकेक माठ बोटाच्या सांध्याने वाजवून पाहत होता आणि खणखणीत आवाज ऐकून मान हलवत होता. पुढच्या सालीही तुमच्याकडूनच घेईन म्हणाला. कुंभाराने दाण्याची पोती आणून रचली. पोत्यांकडे पाहून त्याने बायकोला दोष दिला नाही. त्याने दोष दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिनेही त्याला, तुम्हीच जोर धरायचा होता भाजायचा, असं म्हटलं नाही. दोघांच्या मनात ते होतं आणि दोघं ते गिळून जेवत होते.

पूजा आता तीच करायची. घरातले देव पारोसे कसे ठेवायचे? पण म्हाताऱ्याने पाहिलं की तो रोज विचारायचा, त्यांचे देव परत दिलेस का. रोज तो अस्वस्थ व्हायचा, दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये म्हणायचा, स्वतः निघायचा द्यायला. शेवटी एक दिवस ती म्हणाली, दिले. तेव्हापासून देव आतल्या खोलीत कणगीमागे होते. तो ओट्यावर असताना दार लोटून घेऊन ती पूजा उरकायची. घंटा वाजवायची नाही, दिवा हाताने झाकायचा. चोरीचा माल घरात असावा तशी ती आपल्याच घरच्या देवांची पूजा करत होती.

तामणातला गाळ म्हाताऱ्याने फेकू दिला नव्हता. तो वाळून त्याचं एक चपटं ढेकूळ झालं होतं, वर भेगा पडल्या होत्या. ढेकूळ फडक्यात घालून तो जवळ घेऊन बसायचा. जेवताना तो फडकं मागच्या भिंतीशी ठेवायचा. पाणी प्यायला उठून लांब जायचा आणि ओठ, हात, मिशा कोरड्या पुसूनच परत यायचा. दिवसेंदिवस तो कमी बोलत होता. डॉक्टर म्हणाले, वय आहे. आंघोळ घालायला आता मुलाला धरून न्यावं लागायचं.

पुढे वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि नळ चालू झाले. पहिल्या दिवशी गल्लीत सगळ्यांनी मिळतील तेवढी भांडी भरली. शिंपिणीने उंबऱ्यावर दोन बादल्या उगाचच ओतल्या आणि सुनेला हाक मारून दाखवलं. सुनेने पिंपं भरली, घागरी भरल्या, पातेली भरली. मग आत जाऊन कणगीमागचे देव काढले, तामणात ठेवले, एक काठोकाठ भरलेली घागर कमरेवर घेतली आणि ओट्यावर म्हाताऱ्यापुढे नेऊन ठेवली. तामण त्याच्या मांडीजवळ सरकवलं.

"बाबा, नळ आलाय. दिवसभर राहणार आहे. दहा वेळा घाला आंघोळ, कुणी काही म्हणणार नाही."

म्हाताऱ्याने घागरीत वाकून पाहिलं. पाणी हिंदकळत होतं, एक थेंब काठावरून उडून ओट्यावर पडला. त्याने घाईघाईने फडकं उचलून छातीशी धरलं, ते कोरडं आहे ना हे दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं आणि पायाने रेटत मागे भिंतीपर्यंत सरकला.

"पाणी लांब ने, पोरी," तो म्हणाला. "कच्चं आहे हे."

तिने घागर उचलली आणि आत नेली.